आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्झेट: काउंटरवर चूक टाळायची कशी, आणि झालीच तर सांगायचं कसं?

तालुका_मेडिकल

गावात संधिवाताच्या डॉक्टरांची महिन्यातून एकदा ओपीडी सुरू झाल्यापासून मेथोट्रेक्झेटच्या चिठ्ठ्या वाढल्यात. सोरायसिसच्या तुरळक असतातच. काउंटरला दोन फार्मासिस्ट आणि हाताखाली तीन मुलं. हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं, रोज घेतलं तर जिवावर बेततं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नुसत्या 'माहीत आहे'वर गर्दीच्या वेळी भरवसा ठेवता येत नाही, म्हणून लेखी पद्धत बसवतोय. तीन ठिकाणी अडलंय.

एक, चिठ्ठीवर कधी कधी सवयीनं १-०-०, म्हणजे रोज सकाळी एक, असं लिहून येतं. दोन, महिन्याच्या चारच गोळ्या कापून द्याव्यात की पूर्ण स्ट्रिप? तीन, आपल्याकडून 'रोज एक' असं लिहून गेलं आणि ते दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं, तर पेशंटला नेमकं काय बोलायचं? 'गुपचूप गोळ्या बदलून आणाव्यात, बोभाटा नको' हा सल्ला या धंद्यात सर्रास ऐकू येतो. मला तो पटत नाही, पण त्याऐवजी काय, हे मुलांना लिहून द्यायचंय.

रॅक_नंबर_सात

आधी बिलिंगच्या संगणकावर पहिली तीन अक्षरं टाइप करून बघा. फोलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्झेट आणि फोलव्हाइट म्हणजे फॉलिक अॅसिड ५ मिग्रॅ, मेथोट्रेक्झेटचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत देतात ते जीवनसत्त्व. यादीत दोन्ही जवळजवळ येतात, आणि अक्षरांप्रमाणे लावलेल्या रॅकमध्येही शेजारीच बसतात. एरवी चुकीचं औषध हातात आलं की 'या पेशंटला हे कशाला?' असा प्रश्न पडतो आणि हात थांबतो. इथं तो पडतच नाही, कारण दोन्ही औषधं त्याच पेशंटला, त्याच चिठ्ठीवर असतात. काही डॉक्टर फॉलिक आठवड्यातून एकदा देतात, काही मेथोट्रेक्झेटचा वार सोडून बाकी सहा दिवस. या दुसऱ्या पद्धतीत अदलाबदल झाली की पेशंट फॉलिक एक दिवस आणि मेथोट्रेक्झेट सहा दिवस घेतो.

उपाय फुकटचे आहेत. संगणकात मेथोट्रेक्झेटच्या प्रत्येक ब्रँडच्या नावाआधी 'आठवडा' हा शब्द घाला. मग तीन अक्षरांत तो दिसणारच नाही, मुद्दाम शोधावा लागेल. सगळे ब्रँड आणि सगळ्या ताकदी रॅकमधून काढून एका झाकणाच्या डब्यात, फार्मासिस्टच्या हाताशी. डबा उघडायचा तो फक्त फार्मासिस्टनं. मुलांनी चिठ्ठीतली बाकीची औषधं काढावीत, हे नाही.

दुसरी भानगड ताकदीची. २.५, ५, ७.५, १०, १५ मिग्रॅ अशा गोळ्या बाजारात आहेत आणि बऱ्याचशा पिवळ्याच. मागच्या महिन्यात पेशंटनं दुसऱ्या दुकानातून २.५ च्या गोळ्या नेल्या, १५ मिग्रॅसाठी दर रविवारी सहा. या महिन्यात तुम्ही १० ची स्ट्रिप दिलीत. त्याच्या डोक्यात मिलिग्रॅम नसतात, 'सहा पिवळ्या' असतात. झाले ६० मिग्रॅ. म्हणून जुनी स्ट्रिप किंवा तिचा मोबाइलवरचा फोटो बघितल्याशिवाय द्यायचं नाही. ब्रिटनमध्ये २०२० साली औषध नियामकानं शक्यतो २.५ ही एकच ताकद लिहावी-द्यावी असा सल्ला दिला, तो याच कारणासाठी. आपल्याकडे तसं बंधन नाही, पण परिसरातल्या डॉक्टरांशी बोलून एकच ताकद ठरवून घेता येते. तुमची ओपीडी एकाच डॉक्टरांची आहे, तुम्हाला तर हे सोपं. मात्र ७.५ च्या दोन लिहिल्यात आणि आपल्याकडे २.५ आहे म्हणून सहा देऊन टाकल्या, असं परस्पर करायचं नाही. डॉक्टरांना विचारायचं, चिठ्ठीवर तसं नोंदवून घ्यायचं.

आता लिहिण्याबद्दल. 'आठवड्याला ६ गोळ्या' हे वाक्य काउंटरवर बंद करा. वाचणारा सरळ अर्थ लावतो: रोज एक, रविवारी खाडा. लेबल असं हवं:

'मेथोट्रेक्झेट २.५ मिग्रॅ. संधिवातासाठी. फक्त रविवारी, जेवणानंतर, सहाही गोळ्या एकाच वेळी. सोमवार ते शनिवार ही गोळी घ्यायची नाही.'

वार पूर्ण लिहायचा, 'सो', 'र' असं नाही. 'सकाळी' हा शब्द टाळता आला तर टाळा, तो नजरेत भरतो आणि वार मागे पडतो. वार डॉक्टरांनी लिहिला नसेल तर आपण ठरवायचा नाही, त्यांना फोन करून पेशंटसमोरच ठरवायचा. पण सुचवायला हरकत नाही: उपासाचा वार नको, कारण रिकाम्या पोटी मळमळलं की माणूस गोळी मागेपुढे करतो. गावात आठवडी बाजाराचा वार चांगला लक्षात राहतो. फॉलिकचे वारही तिथंच, दुसऱ्या ओळीत.

१-०-० आलं तर तसंच द्यायचं नाही. खोडून आपल्या मनानं 'आठवड्यातून एकदा' लिहायचंही नाही. फोन करायचा. फोनवर 'डॉक्टर, हे बरोबर आहे ना?' असं विचारलं की गडबडीत 'हो हो' असं उत्तर येतं. 'मेथोट्रेक्झेट १५ मिग्रॅ, आठवड्यातून एकदा, कुठल्या वारी लिहू?' असं विचारा. वार सांगावा लागला की चिठ्ठी डोळ्यांसमोर येते.

शेवटी पेशंट. 'समजलं का?' हा प्रश्न निरुपयोगी, त्याला सगळे 'हो' म्हणतात. 'आजी, घरी सूनबाईंनी विचारलं ही गोळी कधी घ्यायची, तर काय सांगाल?' असं विचारा. औषध न्यायला भलताच कुणी आला असेल, शेजारचा किंवा भाचा, तर पेशंटच्या घरी फोन लावून तिथून वदवून घ्या. आणि सात दिवसांच्या कप्प्यांच्या डबीत ही गोळी भरायची नाही, वेगळी ठेवायची, हेही सांगा. कप्पा रिकामा दिसला की भरणाऱ्याचा हात जातोच. वार चुकला तर दोन दिवसांच्या आत घेता येते, त्यानंतर तो आठवडा सोडायचा आणि पुढच्या ठरल्या वारी नेहमीएवढीच घ्यायची. दुप्पट कधीच नाही.

पाकीट_नको

वरचं सगळं मान्य. कापण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: सुट्या गोळ्या खाकी पाकिटात टाकून देऊ नका. स्ट्रिप कापली की नाव एका तुकड्यावर, बॅच आणि एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर. दवाखान्यात पोचल्यावर त्या चार पिवळ्या गोळ्या कशाच्या, हे कुणालाच सांगता येत नाही. पूर्ण स्ट्रिप, मूळ छापील मजकुरासकट, वर लेबल.

रॅक_नंबर_सात

अर्धं पटतं. पण हिशेब बघा. १० मिग्रॅची दहाची पूर्ण स्ट्रिप घरात गेली आणि पेशंट रोज घेऊ लागला, तर दहा दिवस कुणाला पत्ता नाही, पोटात १०० मिग्रॅ. चारच दिल्या तर पाचव्या दिवशी तो 'संपल्या' म्हणून काउंटरला येतो आणि चूक चाळीसवर सापडते. महिन्याचं औषध लवकर संपणं ही तुमच्याकडे येणारी सगळ्यात स्वस्त सूचना आहे, तिची सोय मोडू नका. संगणकात शेवटच्या विक्रीची तारीख दिसते. २८ दिवसांच्या बऱ्याच आधी आला तर विकण्याआधी विचारा.

तडजोड अशी: बॅच-एक्स्पायरी छापलेला भाग पेशंटकडे जाईल अशा बाजूनं चार गोळ्या कापा आणि वरच्या लेबलवर नाव, ताकद, बॅच, एक्स्पायरी पुन्हा लिहा. उरलेल्या सहांवर मात्र बॅच राहत नाही. त्या डब्यात तशाच टाकल्यात तर तुमचं म्हणणं खरं ठरेल, म्हणून त्यांनाही तेच लेबल तिथल्या तिथं. कापताना कात्री कप्प्यांच्या मधून, गोळीवरून नाही. या गोळीची पूड हाताला लागू द्यायची नसते. फुटलेली गोळी गरोदर बाईनं तर अजिबात हाताळू नये, दुकानातली असो की घरातली.

पाकीट_नको

उरलेल्यांवर लेबल खरंच लागत असेल तर ठीक. बहुतेक ठिकाणी लागत नाही, एवढंच म्हणतो.

वॉर्ड_फार्मासिस्ट

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. गोळ्या गुपचूप बदलून आणण्यात माणुसकीचा प्रश्न आहेच, पण त्याआधी औषधशास्त्राचा आहे. बदलून आणल्यानं पोटात गेलेलं मेथोट्रेक्झेट निघत नाही. रक्तपेशी घसरायला काही दिवस लागतात, त्यामुळे आज पेशंट ठणठणीत दिसला तरी त्याचा अर्थ काही नाही. तो पुढच्या आठवड्यात ताप घेऊन तिसऱ्याच डॉक्टरकडे जाईल, आणि मेथोट्रेक्झेट रोज घेतलं गेलं होतं हे त्या डॉक्टरला कुणीच सांगितलेलं नसेल. जीव जातो तो बऱ्याचदा याच अंधारात.

फोन फार्मासिस्टनं करायचा, मुलानं नाही. बोलणं साधारण असं:

'काकू, नमस्कार. मी मेडिकलमधून फार्मासिस्ट बोलतोय. सोमवारी आमच्याकडून नेलेल्या एका गोळीवर आम्ही चुकीचं लिहून दिलंय. पिवळी गोळी, मेथोट्रेक्झेट. ती रोज घ्यायची नाही, आठवड्यातून एकदाच घ्यायची आहे. चूक आमची आहे, त्याबद्दल माफी मागतो. ती गोळी आत्ता बाजूला ठेवा, डॉक्टर सांगेपर्यंत घेऊ नका, पण टाकूनही देऊ नका. आतापर्यंत कुठल्या कुठल्या दिवशी घेतलीत?'

मग थांबायचं आणि ऐकायचं. 'घाबरू नका, काही होत नाही' हे म्हणायचं नाही, कारण ते तुम्हाला माहीत नसतं. 'कंपनी बदलली', 'डॉक्टरांचं अक्षर' हेही नाही. 'आज रक्त तपासायला लागेल, मी आत्ता डॉक्टरांशी बोलतो आणि अर्ध्या तासात तुम्हाला परत फोन करतो' एवढं बोला, आणि डॉक्टर भेटोत न भेटोत, तो अर्ध्या तासाचा फोन कराच.

'किती घेतल्या?' यापेक्षा 'कुठल्या दिवशी?' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. २.५ ची गोळी, आठवड्याला १५ मिग्रॅ, २४ गोळ्या दिल्या. आठवड्यानंतर बरोबर घेणाऱ्याकडे १८ उरतात, रोज एक घेणाऱ्याकडे १७. गोळ्या मोजून काहीच कळत नाही. पण एकाच दिवशी १५ मिग्रॅ घेऊन सहा दिवस मोकळे सोडणं वेगळं, आणि रोज थोडं थोडं घेऊन पेशींना सावरायला एकही दिवस न देणं वेगळं. दुसरं जास्त विषारी. त्यामुळे 'एकूण मिलिग्रॅम तेवढेच झाले की' म्हणून सोडून देऊ नका.

विचारायची लक्षणं बोलीभाषेत विचारा: तोंड आलंय का, जेवताना झोंबतं का, घसा दुखतो का, ताप, उलट्या, जुलाब, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शी, कोरडा खोकला किंवा दम. सोरायसिसच्या पेशंटचे चट्टे सोलून ओले झाले तर 'आजार वाढला' असं वाटतं, पण तीही विषबाधा असू शकते. किडनीचा त्रास आहे का, आणि मध्ये दुसरं कुठलं औषध सुरू झालं का, हेही विचारा. विशेषतः सेप्ट्रानसारखं को-ट्रायमोक्झाझोल हे अँटिबायोटिक: मेथोट्रेक्झेटबरोबर ते घेतलं तर डोस बरोबर असतानाही रक्तपेशी कोसळू शकतात.

डॉक्टरांना सांगायचा क्रम ठरवून ठेवा: पेशंटचं नाव आणि वय, काय लिहिलं होतं, प्रत्यक्षात काय घेतलं गेलं, कुठल्या दिवशी, शेवटची गोळी किती वाजता, लक्षणं, किडनी, बाकीची औषधं, पेशंटला आपण काय सांगितलंय. मग गप्प बसा आणि ते जे सांगतील ते लिहून परत वाचून दाखवा. साधारण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि लिव्हरच्या तपासण्या सांगतात. उतारा म्हणजे ल्युकोव्होरिन, म्हणजेच फोलिनिक अॅसिड, आणि ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. इथं एक घोटाळा फार होतो: 'फॉलिकच्या गोळ्या जास्त घ्या' असा सल्ला काउंटरवरून दिला जातो. फॉलिक अॅसिड कामाला यायचं तर शरीरातल्या एका एन्झाइममधून जावं लागतं, आणि मेथोट्रेक्झेटनं नेमकं तेच एन्झाइम अडवलेलं असतं. फोलिनिक अॅसिडला त्या वाटेनं जावं लागत नाही. ल्युकोव्होरिन तालुक्याच्या दुकानात सहसा नसतं, तेव्हा डॉक्टरांशी बोलणं चालू असतानाच दुसऱ्यानं स्टॉकिस्टकडे किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी सुरू करावी. नंतर रक्तातली मेथोट्रेक्झेटची पातळी कमी किंवा शून्य आली तरी धोका टळला असं नाही. औषध रक्तातून जातं, पेशींतून लगेच जात नाही.

तालुका_मेडिकल

खूप उपयोगी. दोन शंका. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, फोन उचललाच नाही तर किती थांबायचं? आणि चुकीच्या लेबलची स्ट्रिप आपण परत घ्यायची का?

वॉर्ड_फार्मासिस्ट

पंधरा-वीस मिनिटं, तीन प्रयत्न, एक मेसेज. तेवढ्यात नाही जमलं तर पेशंटला जवळच्या फिजिशियनकडे किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवा, सोबत वर दिलेल्या क्रमानं लिहिलेला कागद द्या. लक्षण एक जरी असेल तर ही पंधरा मिनिटंही नाहीत. दम लागतोय, रक्त येतंय, तापानं गळून गेलाय, तर १०८.

स्ट्रिप पेशंटकडेच राहू द्या आणि दवाखान्यात न्यायला सांगा. तुम्ही फोटो घ्या, दोन्ही बाजूंचा, लेबलसकट. पुरावा गोळा करायला गेलात असं पेशंटच्या घरच्यांना एकदा वाटलं की पुढचं खरं बोलणंही कुणी ऐकत नाही. आणि लेबल दुरुस्त करून त्याच पाकिटावर चिकटवायचं नाही, जुनं आणि नवं दोन्ही कुणाला तरी वाचता आलं पाहिजे.

सांधे_ओपीडी

लिहिणाऱ्यांच्या बाजूनं थोडंसं. वैद्यकीय परिषदेच्या नियमांतल्या २०१६ च्या दुरुस्तीपासून डॉक्टरांनी जेनेरिक नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायचं आहे. पण सुवाच्य १-०-० हे सुद्धा १-०-० च असतं. तुमच्या ओपीडीच्या डॉक्टरांना एक शिक्का करून द्या: 'मेथोट्रेक्झेट ___ मिग्रॅ, आठवड्यातून एकदा, फक्त ___वारी. फॉलिक अॅसिड ___वारी.' रिकाम्या जागा भरल्याशिवाय शिक्का अर्धा दिसतो, त्यामुळे वार लिहिला जातो. 'एमटीएक्स' असं आखूड नाव लिहून आलं तर परत पाठवा, आमचा राग आला तरी चालेल. गोळी रोजच्या औषधांच्या यादीत मध्येच न लिहिता सगळ्यांच्या खाली, वेगळी रेघ मारून लिहिणं हेही उपयोगी पडतं, कारण बाकीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, स्टेरॉइड वगैरे रोजचंच असतं आणि डोळा एका लयीत खाली येतो.

आणि फार्मासिस्टकडून एक अपेक्षा. 'तोंड आलंय, काहीतरी द्या' म्हणून काउंटरला येणाऱ्याला बी-कॉम्प्लेक्स आणि जेल देण्याआधी विचारा: संधिवाताची किंवा सोरायसिसची आठवड्याची गोळी चालू आहे का? हो म्हणाला तर ती कधी घेतो ते विचारा आणि त्याच दिवशी सीबीसीला पाठवा. रोज घेणारे असे सापडतात.

रॅक_नंबर_सात

तालुका_मेडिकल, नोंदीचं राहिलं. साधी शंभर पानी वही पुरते. तारीख-वेळ, काय द्यायचं होतं, काय हातात आलं, कुठं सापडलं (रॅक, बिल, लेबल, पेशंटसमोर की घरी), त्या वेळी काउंटरवर किती जण उभे होते, काय बदललं. कुणाच्या हातून झालं हा रकाना ठेवू नका. तो ठेवलात की थोडक्यात टळलेल्या चुका वहीत यायच्या बंद होतात, आणि शिकायला मिळतं ते त्यांच्यातूनच. मुलगा जेव्हा 'सर, मी फोलव्हाइटऐवजी हे काढलं होतं, परत ठेवलं' असं स्वतःहून सांगतो, तेव्हा त्याला ओरडलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, इतका साधा हिशेब आहे.

पेशंटला इजा झाली असेल तर भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाला, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवा. गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगाकडून तो चालतो, टोल फ्री १८००-१८०-३०२४. फॉर्मवरच छापलेलं आहे की अहवाल पाठवणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे, तेव्हा मालकांना तो भाग वाचून दाखवा. पेशंटनं स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे. वहीतलं पान मात्र अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी लिहा, डॉक्टरांशी किती वाजता आणि काय बोलणं झालं त्यासकट.